सव्वा किलो चटणी घेऊन देनिझलीला

जॉर्जियातून तुर्कस्तानात शिरताना सार्पच्या सीमाचौकीवर अधिकाऱ्यानं माझ्या सॅकमधून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि एकदम तोंड फिरवलं. डब्यात सव्वा किलो शेंगा चटणी होती. "बिबेर?" त्यानं विचारलं. तुर्कीत मिरचीला बिबेर म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण ठसका लागलेल्या माणसाचा प्रश्न कुठल्याही भाषेत कळतो. मी मान हलवली आणि चिमूटभर चटणी तोंडात टाकून दाखवली. त्यानं पासपोर्टवर शिक्का मारला, पण डब्याचं झाकण मलाच लावायला लावलं.

डबा सोलापुरातून निघाला त्याला तेव्हा दीड महिना होऊन गेला होता.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, निघायच्या तीन दिवस आधी, नारळी पौर्णिमेला मी पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ बघायला गेले होते. दरवर्षी जाते. तिथून धोट्याच्या घरी. धोटा म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण, आता तुर्कस्तानात देनिझलीला असते. तिचं खरं नाव लिहू नकोस असं तिनंच सांगितलंय, आणि तसंही शाळेत कुणी तिला खऱ्या नावानं हाक मारली नाही. वर्गात एका जागी बसायची नाही, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारखी ये-जा, म्हणून धोटा. सोलापुरातल्या पोरांना धोटा काय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो.

तिच्या आईला मी अम्मा म्हणते आणि वडिलांना नायना, तिच्यासारखंच. अम्मांनी चटणीचा डबा आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या वीस कडक भाकरी माझ्या मांडीवर ठेवल्या. "तिला दे." माझी सॅक अकरा किलोची होती. चार महिने पाठीवर वागवायची म्हणून मी साबणाची वडीसुद्धा अर्धी कापून घेतली होती. मी म्हटलं, "अम्मा, मी सरळ तिच्याकडं जात नाहीये. आधी उझबेकिस्तान, मग जॉर्जिया. दोन महिने लागतील पोचायला."

"मग काय झालं? कडक भाकरी हाय, चटणी हाय. नासतंय काय त्यात?"

यावर उत्तर नव्हतं. मी साबणाची दुसरी अर्धी वडी घरी ठेवली होती, तिच्या जागी डबा बसला असं समजून घेतलं.

नायना कोपऱ्यात बसून होते. त्यांनी काहीच दिलं नाही. मी निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "सांभाळून जा."

त्या घराची पुढची खोली मला लहानपणापासून ठाऊक आहे ती चार यंत्रमागांची. खोली म्हणजे काय, मागच होते. माणसांनी भिंतीला घासून आत जायचं. अम्मा मागच्या दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायच्या, दिवसाला हजार. मागांच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावं लागायचं, त्यामुळं त्या घरातली सगळी माणसं आजही हळू बोलू शकत नाहीत. वीज गेली की माग थांबायचे आणि गल्लीतली झोपलेली तान्ही पोरं एकदम उठून रडायला लागायची. माझं घर तिथून तीन गल्ल्या अलीकडं होतं, पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या सगळ्या तिथं गेल्या. आम्ही टॉवेलांच्या घड्या घालायचो, डझनाची गड्डी बांधायचो आणि वर कागदी लेबल चिकटवायचो. लेबलावर छापलेलं असायचं: टर्किश टॉवेल, सोलापूर. टर्किश म्हणजे काय, असं एकदा विचारलं तर नायना म्हणाले, "तिकडच्या लोकांनी आधी विणला म्हणून." तिकडं म्हणजे कुठं, ते आम्ही विचारलं नाही. हैदराबादच्या पलीकडं असेल.

नायनांचा एक नियम होता. पोरींनी मागाला हात लावायचा नाही. हा धंदा माझ्यापाशी संपणार, तुम्ही शिका आणि ऑफिसात बसा. धोटा शिकली, पण इचलकरंजीला जाऊन टेक्स्टाइल इंजिनिअरिंग शिकली. मग माग बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीत दुरुस्तीची नोकरी, आणि २०१५ मध्ये तुर्कस्तानातल्या देनिझलीला, एका टॉवेलच्या कारखान्यात. नायनांना हे कितपत आवडलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी चारही माग विकले. माग म्हणून नव्हे, भंगार म्हणून, किलोच्या भावानं. एक तरी ठेवा, मी पैसे पाठवते, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. टेम्पो येऊन गेल्यावर तिला कळलं. तेव्हापासून बाप-लेकीचं फोनवरचं बोलणं एवढंच: "जेवली का?" "जेवले. तुम्ही?" "झालं." मग फोन अम्मांकडं.

ताश्कंदपासून त्राब्झोनपर्यंतच्या दोन महिन्यांबद्दल मी वेगळं लिहीन. इथं दोनच गोष्टी. फरगाना खोऱ्यात मार्गिलानला हातमागावर रेशमी इकत विणणाऱ्या बाया बघितल्या. उभे धागे आधीच बांधून रंगवलेले, आपल्या पोचमपल्लीसारखे, आणि कडा पुसट झालेली ती नक्षी. मी तिथं तासभर बसले आणि दोन टॉवेल जास्त घ्यायला हवे होते असलं काहीबाही मनात येत राहिलं. दुसरी गोष्ट, काळ्या समुद्राच्या काठावर रिझेजवळ मी भिजले. सॅक आतपर्यंत ओली. त्राब्झोनच्या होस्टेलात पोचल्यावर फडकं सोडून पाहिलं तर भाकरी सादळलेल्या, सात तर तुकडे तुकडे. पन्नास दिवस टिकलेल्या भाकरी पावसानं एका दुपारीत मऊ केल्या. होस्टेलच्या स्वयंपाकघरात गॅस मंद करून तव्यावर एकेक भाकरी पुन्हा कडक केली. तिथं काम करणारी बाई बघत उभी राहिली. तिनं न विचारता दुसरी शेगडी पेटवून दिली आणि स्वतः तीन भाकऱ्या भाजल्या. हात चांगला होता तिचा, एकही करपली नाही.

इझमीरच्या बास्माने स्टेशनावरून देनिझलीची गाडी सुटते. साडेचार-पाच तासांचा प्रवास, गाडी साधी आणि तिकीट स्वस्त. सेल्चुक गेलं, मग मेंदेरेस नदीचं खोरं लागतं. आयदिन भागात अंजिराच्या बागा आणि मधूनमधून कापसाची शेतं. ऑक्टोबरचा शेवट होता, बरीचशी वेचणी उरकलेली, तरी एखाद्या शेतात पांढरं शिल्लक दिसायचं. सोलापूर सोडल्यापासून पहिल्यांदा मला खिडकीबाहेरचं कळत होतं. वाटेत नाझिल्ली आलं. इथं १९३७ मध्ये सरकारनं छापील सुती कापडाची मोठी गिरणी उभी केली, उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष अतातुर्क आले होते. कामगारांना गावातून गिरणीत नेणारी एक चिमुकली रेल्वे होती, तिला लोक 'गिडी गिडी' म्हणायचे. गिरणी बंद पडली, आता त्या जागेत विद्यापीठ आहे. हे सगळं मला धोट्यानं आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं: "नाझिल्लीला डावीउजवीकडं बघ, आपली जुनी गिरणी आठवेल." मला आठवला तो भोंगा. माझे आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावरही कितीतरी दिवस ते भोंग्याच्या वेळेला उठून अंघोळ करून बसायचे.

देनिझली स्टेशनावर धोटा लांबूनच ओरडली, "काय बे, किती वाळलीस!" नऊ वर्षांनी भेटत होतो. शेजारून जाणारी दोन माणसं दचकली. आमच्या सोलापुरात पोरीपण बे म्हणतात आणि त्यात सगळी माया येते. तिनं मला मिठी मारली, मग लगेच सॅकची चेन उघडायला घेतली. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून तिनं डबा उघडला, नाक लावलं आणि तसाच धरून बसली. बराच वेळ. मी काही बोलले नाही. मग तिनं भाकरीचं फडकं सोडलं. भाकरी बघितली नाही, फडकं बघितलं. "हे अम्माचं हिरवं लुगडं. माझ्या बारशाचं."

तिच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात गॅलरीतून होनाझचा डोंगर दिसतो. घर स्वच्छ, मोठं आणि शांत. मला ते छान वाटलं, तिला नऊ वर्षांत वाटलेलं नाही. रात्री झोप लागत नाही म्हणून ती वॉशिंग मशीन लावून झोपते.

पुढचे दोन दिवस ती मला शब्द दाखवत फिरली. चादर दाखवतात तसे. बाजाराला इथं चार्शी म्हणतात, हिशेबाला हेसाप, साबणाला साबुन, दुकानाला द्युक्कान. पलंगावर घालतात ती चार्शाफ, आणि हा शब्द मुळात फारसीतला चादर-शब, रात्रीची चादर. "म्हणजे आपली चादर इथं रात्रपाळीला आलीय," ती म्हणाली. फुटाण्यांना लेबलेबी म्हणतात आणि जवळच्या सेरिनहिसारचे फुटाणे नावाजलेले आहेत. मी पावशेर एकटीनं संपवले. देनिझलीचं मटण भट्टीत भाजतात आणि ते काटा-चमच्याशिवाय हातानंच खायची पद्धत आहे. हे तिला आल्या आल्या पहिल्या आठवड्यात कळलं आणि त्या दिवशी तिनं ठरवलं की इथं राहता येईल. कारखान्यात कसबी माणसाला उस्ता म्हणतात, आपला उस्ताद. हिला पहिली दोन वर्षं सगळे हानम म्हणायचे, म्हणजे बाईसाहेब. तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या कारागिरानं सगळ्यांसमोर उस्ता म्हणून हाक मारली. ती तारीख तिला पाठ आहे.

सोमवारी तिनं परवानगी काढून मला कारखाना दाखवला. फोन बाहेर, कानात बोळे. विणाईच्या शेडमध्ये पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा जाणवते ती दमट हवा. धागा तुटू नये म्हणून ओलावा राखलेला असतो. मग आवाज. आपल्या मागाचा आवाज खट-खट असा तुटक, मोजता येतो. इथं एकच सलग गरगर, कारण धोटाच नाही. आडवा धागा हवेच्या झोतानं पलीकडं फेकला जातो. नायनांचे माग मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरे मारायचे, हे पाच-सहाशे मारतात. धोट्यानं माझ्या कानाला तोंड लावून ओरडून सांगितलं, "इथं धोटा एकच हाय. मी!"

पण टॉवेल विणायची रीत तीच. ती मला एका मागाच्या मागच्या बाजूला घेऊन गेली आणि बोटानं दाखवलं: उभ्या धाग्यांचे दोन बीम, म्हणजे रूळ, एक खाली, एक वर. एकाचा धागा ताठ, दुसऱ्याचा सैल. आडवा धागा ठोकून बसवणारी फणी दोन वेळा मुद्दाम अलीकडंच थांबते. तिसऱ्या वेळेला पूर्ण पुढं येऊन तिन्ही आडवे धागे एकदम ठोकते, ते ताठ धाग्यांवरून सरकत जातात, आणि सैल धागा जाईल कुठं, तो वर उभा राहतो. तेच टॉवेलचं बोंड, पाणी पिणारं. तिसरीत असताना नायनांनी हे तिला एकदा दाखवलं होतं, मागाला हात न लावू देता, लांबून. त्यानंतर इचलकरंजीत चार वर्षं शिकली तेव्हा या एका धड्याला वर्गात तिनं वही उघडली नाही.

लेबलावरच्या त्या टर्किशचा उलगडाही तिथंच झाला. हेन्री ख्रिस्टी नावाचा इंग्रज १८४० च्या दशकात इकडं आला होता. बुर्सा शहरात त्यानं हातमागावर असं बोंडांचं कापड विणताना पाहिलं. त्याच्या इंग्लंडमधल्या गिरणीत सॅम्युअल होल्ट या माणसानं ते यंत्रावर जमवलं, आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते टॉवेल मांडले गेले. नाव राहिलं ते टर्किश टॉवेल. नायना बरोबर होते. फक्त ते 'तिकडं' हैदराबादच्या बरंच पलीकडं निघालं.

२९ ऑक्टोबरला तुर्कस्तानचा प्रजासत्ताक दिन, १९२३ चा. कारखाना बंद, गॅलऱ्यांतून लाल झेंडे. आम्ही पामुक्कलेला गेलो. पामुक म्हणजे कापूस, कले म्हणजे किल्ला. गरम झऱ्याच्या पाण्यातला चुना साठत साठत डोंगराचा उतार पांढरा झाला आहे. चपला काढून त्यावरून चालायचं, पायाखाली कोमट पाणी. फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच आहेत. मला वरच्या हिएरापोलिस या प्राचीन शहराच्या अवशेषांत जास्त गुंतायला झालं. तिथल्या दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत रंगाऱ्यांच्या आणि लोकर धुणाऱ्यांच्या संघांचे उल्लेख आहेत. दगडी थडग्यांच्या रांगेत धोटा उभी राहिली आणि म्हणाली, "बघ की, यांच्या पोरी कुठं गेल्या असतील." मग लगेच, "चल, भूक लागली."

त्या रात्री मी तिला आवाज ऐकवला. निघायच्या आदल्या दिवशी मी नायनांच्या शेजारच्यांकडं गेले होते, त्यांचे सहा माग अजून चालतात. नायना संध्याकाळी तिथंच जाऊन बसतात, हे मला अम्मांनी सांगितलं होतं. तीन मिनिटांचा आवाज मी फोनमध्ये घेतला होता. तिला सांगावं की नाही याबद्दल मला दोन महिने खात्री नव्हती. जखम उघडल्यासारखं होईल असं वाटायचं.

तिनं डोळे मिटून पूर्ण ऐकला. पुन्हा लाव म्हणाली. मला वाटलं रडेल. तिसऱ्यांदा ऐकताना तिच्या कपाळावर आठी आली.

"एक माग लंगडायलाय बे."

"म्हणजे?"

"खट-खट सारखं पडत नाही. एका बाजूचा ठोका कमी हाय. पिकर झिजलाय. दाराजवळच्या तिसऱ्या मागाचा असणार. धोटा अडकून धागे तुटतील, सांग की त्यांना." पिकर म्हणजे धोट्याला ठोसा मारून पलीकडं पाठवणारा तुकडा. त्यानंतर ती झोपली, वॉशिंग मशीन न लावता. फोन उशाशी तसाच चालू होता.

३१ ला नरक चतुर्दशी होती. तिला कामावर जायचं होतं म्हणून पहाटे पाचला उठलो. मी सोलापूरहून उटण्याची एक पुडी नेली होती, तेल तिच्याकडं होतं. मी तिच्या पाठीला लावलं, तिनं माझ्या. कारिट नव्हतं म्हणून पायाखाली अंगठ्यानं लिंबू फोडलं. अंघोळीनंतर तिनं मला घरातला जाड पांढरा टॉवेल दिला, तिच्या मागांवर निघालेला. मग फराळ म्हणून चटणी-भाकरी आणि दही. अम्मांच्या वीसपैकी सहा भाकरी तोवर उरल्या होत्या. त्या तिनं मोजून परत फडक्यात बांधल्या आणि मला एकही जास्त दिली नाही. मी मागितलीही नाही.

दोन तारखेला निघाले. निघताना तिनं तसाच एक टॉवेल माझ्या सॅकमध्ये कोंबला, चटणीच्या डब्याच्या जागी. "अम्माला?" मी विचारलं. "नायनांना," ती म्हणाली आणि चेन ओढली.

डिसेंबरच्या शेवटी सोलापुरात पोचले. दुसऱ्या दिवशी पूर्व भागात गेले. पुढच्या खोलीत आता सोफा आहे, पण फरशीवर मागांच्या पायांच्या खुणा तशाच आहेत आणि सोफा त्या खुणा सोडून मांडलाय. मी टॉवेल नायनांच्या हातात दिला. त्यांनी तो अंगावर घेतला नाही, चेहऱ्याला लावला नाही. उजेडाकडं गेले, उलटा केला, किनार ओढून पाहिली, एक बोंड नखात धरून हलकेच उपसायचा प्रयत्न केला. सुटलं नाही. अंगठ्यानं इंचभर जागेतली बोंडं मोजली. मला विचारलं, "पन्हा किती त्या मागाचा?"

मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, "नायना, तिनं तुमच्या शेजारच्यांच्या मागाचा आवाज ऐकला. तिसऱ्याचा पिकर गेलाय म्हणाली."

नायनांनी टॉवेल खाली ठेवला. "तिसऱ्याचा? तिसऱ्याचा कुठला? दुसऱ्याचा. दिवाळीच्या आधीच बदलला मी." आणि फोन उचलला. देनिझलीत तेव्हा जेवणाची सुट्टी असावी, पहिल्या रिंगला उचलला गेला. पुढं सगळं तेलुगूत झालं, मला अर्धंमुर्धं कळलं. पिकर, दुसरा, तिसरा, मग बीम, मग कितीचा धागा, मग पुन्हा दुसरा. दोघंही ओरडत होते, त्या घरात बोलतात तसं. नायना उठून खोलीत चालायला लागले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

अम्मा विड्यांचं सूप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या. थोडा वेळ ऐकत राहिल्या, मग माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "जेवली का विचारायचं विसरला बघ आज."